गाठ चोळून जात नाही: लसीकेबद्दलच्या त्या संदेशाला उत्तर

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "अगं, डाव्या बाजूला हासळीच्या हाडावर एक गाठ लागतेय हाताला. पाच आठवडे झाले, रोज सकाळ-संध्याकाळ चोळते. विरघळत का नाही गं?"

पाच आठवडे! चोळायला कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "तुझ्या आईनंच पाठवलंय की मोबाइलवर. ते लिम्फचं."

मी आईचा फोन घेऊन बघितला. लांबलचक संदेश, मधे मधे ठळक अक्षरं आणि शेवटी "किमान दहा जणांना पाठवा". आईनं अकरा जणींना पाठवला होता. ती स्वतःही तो पाळत होती. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या उजव्या काखेतल्या ग्रंथी काढल्या आहेत. तेव्हापासून त्या हाताला सूज असते आणि त्यावर दिवसभर घालायची दाबाची बाही, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, तिला दिलेली आहे. ती बाही चार दिवसांपासून कपाटात होती, कारण संदेशात तसं लिहिलं होतं.

मी डॉक्टर नाही. आईच्या आजारपणात डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारत, शरीरक्रियाशास्त्राची पुस्तकं उघडत जे समजून घेतलं, त्याच्या आधारावर लिहिते आहे. लसीका म्हणजेच लिम्फ, रक्तातून झिरपलेलं आणि वेगळ्या वाहिन्यांतून परत रक्तात जाणारं पाणी. संदेश ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा मथितार्थ आधी देते.

शरीरात रक्ताच्या तिप्पट लसीका असते. रक्ताला हृदय आहे, लसीकेला पंपच नाही, म्हणून ती साचते, सडते आणि तिचं विष होतं. बहुतेक आजारांचं मूळ हेच. मानेला, काखेत, जांघेत गाठ लागली तर ते साचलेलं विष समजा आणि विरघळेपर्यंत जोरात चोळा. डॉक्टरकडे गेलात तर सुई टोचतील आणि सुई लागली की गाठ पसरते. सुजलेल्या हातापायाला बांधू नका, बांधल्यानं विष आत अडकतं. रोज सकाळी शरीरावरच्या सहा जागा थोपटा, कोरड्या ब्रशनं अंग घासा, जागच्या जागी शंभर उड्या मारा. एकवीस दिवसांत शरीर निर्विष होईल.

क्रमानं जात नाही. ज्यानं माणूस दगावू शकतो तिथूनच सुरुवात करते.

"गाठ म्हणजे साचलेलं विष, विरघळेपर्यंत चोळा."

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. मराठीत तिला शब्दच आहे, अवधाण. अवधाण आलं की आजी जांघेकडे बघायची नाही, आधी पाय तपासायची, कुठे काटा मोडलाय, कुठे पू झालाय. गाठ जिथे दिसते तिथे आजार नसतो, तो तिच्या वाटेवर मागे कुठेतरी असतो, हे तिला अनुभवानं कळलेलं होतं. आजचं शरीरशास्त्रही तेच सांगतं.

ही गाठ म्हणजे फुगलेली लसीकाग्रंथी. शरीरात अशा सुमारे सहाशे ग्रंथी आहेत. एकेक ग्रंथी साधारण घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची. शरीराच्या एका ठरावीक भागातली लसीका एका ठरावीक ग्रंथींच्या समूहाकडे येते: पायाची जांघेत, हाताची आणि स्तनाची मुख्यतः काखेत, घशाची आणि दातांची जबड्याखाली. जखमेतून जंतू आत शिरले की तिथल्या पहारेकरी पेशी त्यांचे तुकडे उचलतात आणि लसीकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत नेतात. ग्रंथीत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची अखंड वर्दळ असते आणि प्रत्येक पेशी एका विशिष्ट आकाराच्या शत्रूला ओळखणारी असते. आणलेला तुकडा जिच्याशी जुळला ती पेशी तिथेच थांबते आणि विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत काही दिवसांत हजारो होतात. जागा तेवढीच आणि पेशी वाढलेल्या, म्हणून ग्रंथी फुगते, तिचं वेष्टण ताणलं जातं आणि ती दुखते. साध्या संसर्गातली गाठ म्हणजे ही पेशींची गर्दी असते. तिथे काही विष साचलेलं नसतं, त्यामुळे चोळून बाहेर काढण्यासारखंही काही नसतं. संसर्ग गेला की वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक आपोआप मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत गाठ उतरते. त्या काळात कोणी चोळत असेल तर श्रेय चोळण्याला मिळतं. हा संदेश इतका पसरला त्यामागे हेही एक कारण असावं: शंभरातल्या बऱ्याच जणांची गाठ खरोखर उतरते, ती कशानेही उतरली असती.

प्रश्न उरलेल्यांचा आहे, आणि मावशी त्या उरलेल्यांत होती.

ग्रंथी फुगण्याची दुसरी कारणंही असतात. क्षयरोग हे त्यातलं एक मोठं कारण. फुप्फुसात काही नसतानाही क्षय ग्रंथींमध्ये होऊ शकतो, जुन्या लोकांच्या तोंडी असलेली गंडमाळा बहुतेक वेळा तीच. या गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटतात, आतून मऊ होतात आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर त्वचेतून फुटून महिनोनमहिने वाहत राहतात. लिम्फोमा हा ग्रंथींचाच कर्करोग. शिवाय दुसऱ्या अवयवातल्या कर्करोगाच्या पेशी लसीकेबरोबर वाहत येऊन ग्रंथीत अडकतात आणि तिथे वाढतात. आईच्या काखेत नेमकं तेच झालं होतं.

आता ती डावी हासळी. संदेशातल्या सहा जागांपैकी पहिली हीच आहे, "इथे लसीकेचं मुख्य दार आहे, इथे जोरात दाबा." दार तिथेच आहे, ही माहिती बरोबर आहे. दोन्ही पाय, पोट, छातीची डावी बाजू, डावा हात, डोक्याची डावी बाजू, या सगळ्यांची लसीका एका मोठ्या नलिकेतून वर येते आणि डाव्या हासळीमागे, मान आणि हाताकडून येणाऱ्या शिरा जिथे मिळतात, तिथे रक्तात ओतली जाते. छातीतून जाणारी ही नलिका झाँ पेके या फ्रेंच संशोधकानं 1651 मध्ये जगापुढे मांडली. आणि नेमकं हेच दार असल्यामुळे पोटातल्या कर्करोगाची, विशेषतः जठराच्या, पहिली खूण कधी कधी पोटात न दिसता डाव्या हासळीवरच्या एका गाठीत दिसते. रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरनं 1848 मध्ये हे नोंदवलं आणि त्या गाठीला आजही त्याचं नाव आहे. डॉक्टर ही जागा चाचपतात ती याच कारणानं. हासळीवर हाताला लागणारी गाठ लहान आहे, दुखत नाही, म्हणून सोडून द्यायची नसते, उलट दुखत नसेल तर लवकर दाखवायची असते. आणि संदेश नेमक्या याच जागेवरची गाठ पाच-पाच आठवडे चोळत बसायला सांगतो. लिहिणाऱ्यानं हे अज्ञानातून लिहिलं असेलही, पण राग आला तो आला.

कोणती गाठ दाखवायची हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. तीन-चार आठवड्यांत न उतरणारी. वाढत जाणारी. कडक, दगडासारखी, बोटांखाली न सरकणारी. हासळीवरची कुठलीही. गाठीबरोबर बारीक ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम किंवा कारण नसताना घटणारं वजन असेल तर चार आठवडेही थांबू नये.

"सुई टोचली की गाठ पसरते."

मावशी डॉक्टरकडे गेली नाही ती या एका ओळीमुळे. चोळण्याइतकीच ही ओळही घातक आहे, म्हणून इथेही थांबते.

ही भीती जुनी आहे आणि तिच्यामागे एक घडणारी गोष्ट आहे, हे मान्य करायला हवं. काही विशिष्ट अवयवांतल्या काही विशिष्ट गाठींत, सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत, डॉक्टरांना माहीत आहेत आणि म्हणूनच कुठे सुई घालायची, कुठे अख्खी गाठच काढायची, हे ते ठरवून करतात. लोकांना मात्र वेगळंच दिसतं: सुई झाली, चार दिवसांनी कर्करोग कळला, सहा महिन्यांनी माणूस गेला. क्रम खरा असतो, पण त्या माणसाचा आजार सुई लागण्याच्या कितीतरी आधी आत पसरलेला असतो आणि सुईनं तो फक्त दाखवलेला असतो.

लसीकाग्रंथीच्या बाबतीत तर तपासणीला पर्याय नाही. क्षयाची गाठ, लिम्फोमाची गाठ आणि दुसरीकडून आलेल्या कर्करोगाची गाठ बाहेरून एकसारखी वाटू शकते, आणि तिघींची औषधं सर्वस्वी वेगळी आहेत. बारीक सुईनं पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही बहुधा पहिली पायरी असते. लिम्फोमाचा संशय असेल तर तेवढ्यानं भागत नाही, ग्रंथीची आतली रचना पाहावी लागते, म्हणून मोठा तुकडा किंवा पूर्ण ग्रंथी काढतात. मावशीला हे समजवायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सुईची तपासणी पाच मिनिटांत झाली आणि घरी येताना ती म्हणाली, "रक्त काढतात तेवढंच दुखलं गं."

निदान क्षयाचं आलं. सहा महिन्यांची औषधं आहेत आणि ती पूर्ण घेतली तर हा आजार बरा होतो. त्या पाच आठवड्यांत गाठ फुटली नाही हे तिचं नशीब.

"सुजलेल्या हाताला बांधू नका, विष आत अडकतं."

हा आईच्या हाताचा प्रश्न. इथे आधी ती सूज कशाची असते ते समजून घ्यायला हवं.

रक्त केशवाहिन्यांतून जातं तेव्हा त्यातलं थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर झिरपतात आणि पेशींच्या मधल्या जागेत येतात. खरचटलं की रक्त थांबल्यावर जे पारदर्शक पाणी येतं, ज्याला आपण लस म्हणतो, ते बरंचसं असंच झिरपलेलं पाणी. ते गोळा करून परत रक्तात पोचवणं हे लसीकावाहिन्यांचं काम. आईच्या काखेतल्या ग्रंथी आणि त्यांच्यातून जाणाऱ्या वाहिन्या काढल्या, म्हणजे हाताचा परतीचा रस्ताच अरुंद झाला. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला अशी सूज येते. पाणी आणि प्रथिनं ऊतींत राहतात, आणि लक्ष दिलं नाही तर हळूहळू तिथे चरबी आणि तंतू वाढून हात कायमचा जड नि कडक होतो. संदेशात म्हटलेलं विष यात कुठेही नाही. जे अडकतं ते आपल्याच रक्ताचं पाणी आणि आपल्याच रक्ताची प्रथिनं.

बाहेरून दाब दिला की दोन गोष्टी होतात. केशवाहिन्यांतून नव्यानं झिरपणारं पाणी कमी होतं आणि हात हलवताना स्नायूंना बाहेरून टेकू मिळाल्यामुळे आतलं पाणी उरलेल्या वाहिन्यांकडे ढकललं जातं. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या या सुजेवर कॉक्रेन या संस्थेनं 2015 मध्ये सहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात दाबाच्या पट्ट्यांनी सूज 30 टक्क्यांहून अधिक उतरलेली दिसली, आणि त्याला तज्ज्ञांच्या हातच्या हलक्या मालिशेची जोड दिली तर आणखी सुमारे 7 टक्क्यांची भर पडली. म्हणजे मोठं काम दाबाचं आणि मालिश त्याची मदतनीस. संदेशानं नेमकं मोठं काम काढून टाकायला लावलं.

मालिशेबद्दल थोडं कबूल करते, कारण आईनं मला हाच प्रश्न विचारला: "मग ते फिजिओवाले हात फिरवतात ते काय?" ते खरं उपचारतंत्र आहे. एमिल आणि एस्ट्रिड फोडर या डॅनिश जोडप्यानं 1930 च्या दशकात ते बसवलं. पण ते चोळणं नव्हे. लसीकेच्या अगदी पहिल्या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात आणि त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींवर किंचित चढलेल्या, झडपांसारख्या असतात. या पेशी बारीक तंतूंनी भोवतालच्या ऊतींशी बांधलेल्या असतात. ऊतींत पाणी वाढलं की तंतू ताणले जातात, झडपा उघडतात आणि पाणी आत शिरतं. त्वचा हलकेच सरकवली की हाच ताण मिळतो. जोर लावला की तेवढ्याच नाजूक वाहिन्या चेपल्या जातात. आईच्या फिजिओथेरपिस्ट बाई हात फिरवतात तेव्हा त्वचा फक्त सरकते, लाल होत नाही. संदेशात मात्र "त्वचा लाल होईपर्यंत" असं ठळक अक्षरांत लिहिलं आहे.

अशा हाताला दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. तिथली पहारा देणारी व्यवस्थाच कमकुवत झालेली असते, त्यामुळे साध्या ओरखड्यातून सेल्युलायटिस होऊ शकतो: हात अचानक लाल, गरम, दुखरा होतो, थंडी वाजून ताप येतो. मग त्याच दिवशी दवाखाना आणि प्रतिजैविकं लागतात. अशा वेळी मालिश करायची नसते. आणि संदेश सांगतो कोरड्या ब्रशनं घासा! आईच्या मनगटाजवळ दोन बारीक ओरखडे मला दिसले. बाही पुन्हा चढवली, ब्रश फेकून दिला. हात चार दिवसांत चांगलाच भरला होता, तो पूर्वीसारखा व्हायला तीन आठवडे लागले.

पायाच्या सुजेबद्दलही दोन वाक्यं लिहिते, कारण संदेश हात-पाय एकाच दावणीला बांधतो. दोन्ही पाय सुजण्यामागे हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तदाबाची अम्लोडिपिनसारखी गोळीही असू शकते. एकच पाय, विशेषतः पोटरी, एक-दोन दिवसांत सुजून दुखू लागली तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि तिथे जोरात चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एकच पाय असा सुजला तर हात लावू नका, थेट डॉक्टरकडे जा.

"लसीकेला पंप नाही, म्हणून ती साचून सडते."

संदेशातलं सगळ्यात जास्त पटणारं वाक्य हे आहे. कित्येक फिटनेसवाले, योगवर्गवाले आणि सुशिक्षित माणसंही ते म्हणतात. बाकीचा सगळा डोलारा यावरच उभा आहे: पंप नाही म्हणून साचते, साचते म्हणून सडते, सडते म्हणून विष, विष म्हणून चोळा.

लसीकेला हृदयासारखा एक मध्यवर्ती पंप नाही, हे अर्धं सत्य आहे. पण मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि आत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतःहून आकुंचन पावतो आणि आतली लसीका पुढच्या तुकड्यात ढकलतो. झडप तिला मागे येऊ देत नाही. मग पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा. एका मोठ्या हृदयाऐवजी असंख्य चिमुकली हृदयं एकामागोमाग एक मांडल्यासारखी ही रचना आहे.

हे कोणी अंदाजानं सांगितलेलं नाही. वाल्डेमार ओल्शेव्स्की आणि आर्ने एंगेसेट या दोघांनी निरोगी पुरुषांच्या पायातल्या लसीकावाहिन्यांत अतिशय बारीक नळ्या घातल्या आणि आतला दाब व प्रवाह मोजला. 1980 मध्ये ते अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजीमध्ये प्रसिद्ध झालं. माणूस शांत पडून आहे, पाय हलत नाही, तरीही वाहिनीत ठरावीक अंतरानं दाबाच्या लाटा उठत होत्या आणि लसीका त्या लाटांबरोबर पुढे सरकत होती. कोणी चोळत नव्हतं, कोणी थोपटत नव्हतं. आज तर त्वचेखाली चमकणारं रंगद्रव्य टोचून खास कॅमेऱ्यानं ही ठिपक्याठिपक्यानं पुढे जाणारी लसीका पडद्यावर बघता येते. आईच्या हातासाठी ही तपासणी सुचवली गेली तेव्हा मी पहिल्यांदा या गोष्टीबद्दल ऐकलं.

1980 च्या त्या मोजमापानं संदेशाचा पायाच काढून घेतला जातो, म्हणून त्यावर एवढा भर देते आहे. झोपेतही, अंथरुणाला खिळलेल्या माणसातही लसीका वाहत असते. आणि ती वाहायलाच हवी. आपल्या रक्तातला द्रवभाग, प्लाझ्मा, जेमतेम 3 लिटर असतो. जुनी पाठ्यपुस्तकं लसीकेतून दिवसाला 2 ते 3 लिटर द्रव परत येतो म्हणतात. नव्या हिशेबात ग्रंथींपर्यंत पोचणारा द्रव 8 लिटरपर्यंत जातो आणि त्यातलं बरंच पाणी ग्रंथींतच रक्तात शोषलं जातं. कुठलाही आकडा धरा, अख्ख्या प्लाझ्माएवढा द्रव दिवसाभरात या वाटेनं परततो. झिरपलेली प्रथिनं तर परत जायला दुसरी वाटच नाही. लसीका खरोखर सगळीकडे साचून राहिली, तर शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे माणूस एखाद्या दिवसापलीकडे जगणार नाही. वर्षानुवर्षं सडत बसायला तिला वेळच मिळत नाही.

चालण्या-फिरण्यानं, व्यायामानं, खोल श्वासानं हा प्रवाह वाढतो, हे मी कबूल करते. व्यायामात तो कैक पटींनी वाढतो. म्हणून उड्या मारा, चाला, पोहा, झेपेल ते करा. आईलाही हाताचे व्यायाम रोज आहेत, बाही घालून. पण उड्या मारल्या नाहीत तर विष साचेल, ही भीती मनातून काढून टाका.

बाकीचे मुद्दे झटपट घेते.

"रक्ताच्या तिप्पट लसीका." पेशींच्या मधल्या जागेत साधारण 11 लिटर द्रव असतो, रक्त 5 लिटर. कोणीतरी तो सगळाच द्रव लसीका धरला आणि दुपटीची तिप्पट केली. लसीका म्हणजे त्यातला वाहिनीत शिरलेला भाग. विसावलेल्या माणसात ती तासाला शंभर-सव्वाशे मिलिलिटर एवढ्याच गतीनं रक्तात पोचत असते.

"लसीका ही शरीराची गटारव्यवस्था." ही उपमा डॉक्टरही वापरतात, पण तिनं नुकसान झालंय. गटार शरीराबाहेर जातं. लसीका जाते रक्तात, त्या हासळीमागच्या दारातून. संदेश म्हणतो तसं ते विष असतं, तर थोपटून थोपटून आपण ते थेट हृदयाकडे पाठवत असतो. यूरियासारखी नको असलेली द्रव्यं शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडांचं. ती दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर लघवीवाटे बाहेर जातं. औषधं, मद्य वगैरेंची मोडतोड यकृत करतं. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो. लसीका काय वाहून नेते? पाणी, प्रथिनं, रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि आतड्यातून शोषलेले स्निग्ध पदार्थ. हे शेवटचं तर इतकं ठळक दिसतं की लसीकावाहिन्यांचा शोधच त्यातून लागला. 1622 मध्ये गास्पारे असेली या इटालियन शल्यतज्ज्ञानं नुकतंच खाल्लेल्या एका कुत्र्याचं पोट उघडलं, तर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. त्यानं एक दोरा कापला आणि दुधासारखा द्रव बाहेर आला. तो द्रव म्हणजे लसीकेत मिसळलेली अन्नातली चरबी. ज्याला संदेश विष म्हणतो त्यातून आपलं पोषण होत असतं.

"एकवीस दिवसांत निर्विष." कुठलं विष, त्याचं नाव काय, आधी किती होतं आणि नंतर किती उरलं, यातलं काहीही संदेशात नाही. ज्याचं नावच सांगितलेलं नाही ते गेलं की नाही हे कोणी तपासायचं?

"सहा जागा थोपटणे." निरोगी माणसानं हलकेच थोपटलं तर बिघडत काहीच नाही. बरं वाटत असेल तर थोपटा. मात्र गाठ असेल, ताप असेल, हात-पाय लाल-गरम असेल, एकच पाय सुजला असेल किंवा हृदयाचा आजार आटोक्यात नसेल, तर नाही.

मावशीच्या औषधांचा पहिला महिना पूर्ण झाला. मधे एकदा गाठ थोडी वाढल्यासारखी वाटली आणि ती घाबरली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की क्षयाच्या गाठी औषध लागू पडत असतानाही काही काळ फुगू शकतात, गोळ्या थांबवायच्या नाहीत. तिनं थांबवलेल्या नाहीत.

आईनं त्या अकरा जणींची यादी काढली आहे. मावशीचं झालं. सहा जणींना फोन करून तिनं स्वतः सांगितलं, "मी पाठवलं ते चुकीचं होतं, गाठ असेल तर दाखवून घे." एकीच्या काखेत गाठ आहे, तिनं वेळ घेतली आहे. उरलेल्या चौघी अजून फोन उचलत नाहीत. आज रात्री आई त्यांना हे पाठवणार आहे.